कापडाचं अस्तर लावलेली कवळी

मी कवळी बोलतेय. वरच्या जबड्याची, पूर्ण. खालची जोडीदारीण मला कधी नव्हतीच, कारण माझ्या बाईचे खालचे पुढचे दात तिचे स्वतःचे होते आणि त्यांनी मला जन्मभर धक्के दिले. आजवर मी पुष्कळ बोलले, पण ते सगळं बाईचं बोलणं. तिचे टोमणे, तिची विचारपूस, गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हणून दिलेल्या थापा, सारं माझ्यावरून घसरत बाहेर गेलं आणि त्यात माझा एक शब्द नव्हता. एकदा असा प्रसंग आला की मला एक वाक्य बोलता आलं असतं तर तिचा मोठा घोर वाचला असता. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता बोलते.

माझा जन्म दात बनवणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर झाला. त्या खोलीत सगळीकडे पांढरी भुकटी असायची, त्याच्या रेडिओवर, चहाच्या पेल्यावर, भुवयांवरसुद्धा. बाईच्या तोंडाचा साचा त्याच्यापुढे होता. त्यावर त्याने आधी मेण थापलं, मेणात एकेक दात बसवला, मग मेण वितळवून काढलं, त्या जागी गुलाबी मसाला भरला आणि मला शिजवलं. हसू नका, कवळी शिजवावीच लागते, कच्ची राहिली तर तडकते. बाहेर काढल्यावर त्याने मला घासून चकचकीत केलं, अंगठ्यावर धरून उजेडात फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हसरी झालीय." बाईला त्याने कधी बघितलंही नव्हतं.

साच्यावर मी अशी चपखल बसत होते की मला वाटलं, जगात आपल्यासाठी एक जागा ठरलेली आहे. पुढची बरीच वर्षं ते खरंही होतं.

बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं एक लहानसं दुकान आहे. तिथे नवे कपडे शिवत नाहीत, जुने कपडे सैल-घट्ट करून देतात. खिडकीशी बाईचं मशीन, दाराशी नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल, आणि मधे पडदा लावलेला एक कोपरा, जिथे गिऱ्हाईक कपडा अंगात घालून आरशात बघतं. बाई त्याच्याभोवती फिरत टाचण्या लावते. टाचण्या ठेवायला तिला गादी लागत नाही, ओठांत धरते. त्यामुळे सगळा रस्ता तिला टाचणीबाई म्हणतो. गिऱ्हाईक कुरकुरलं, "मागच्या वर्षी हा कोट छान बसत होता हो", की टाचणीबाई ओठांतल्या टाचण्या न पाडता सांगायची, "अंग बदलतं, कोटाला काय कळतंय? दुखेपर्यंत घालायचा नसतो, आणून द्यायचा असतो." हे वाक्य माझ्यावरून इतक्यांदा गेलंय की मला पाठ झालंय.

बाईचे वरचे दात हिरड्यांच्या आजाराने हलायला लागले तेव्हा तिचं वय फार नव्हतं. ते काढले त्या दिवशी ती थोरल्या बहिणीकडे जाऊन राहिली आणि मी तयार होऊन तोंडात बसल्यावरच नवऱ्याच्या घरी परतली. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिच्या आईचे दात पडल्यावर तिचे वडील जेवताना आईकडे पाठ करून बसत. तोंडाने कधी काही बोलले नाहीत, पण पाठ करून बसत. दोघी मुलींनी ते रोज बघितलं होतं. बाईने तेव्हाच मनाशी ठरवलं की आपलं बोळकं नवऱ्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही.

मला देताना तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "झोपताना काढून पाण्यात ठेवायची. हिरडीलाही विसावा लागतो." बाई मान हलवून "हो" म्हणाली आणि एकदाही तसं वागली नाही. दिवसभर नवरा दुकानात समोर, रात्री घरात शेजारी. मला काढणार कधी? न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, ती मला घाईघाईने घासायची आणि ओठ पुसायच्या आत पुन्हा जागेवर बसवायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. आपल्यावाचून हिचं क्षणभर चालत नाही, असं कुणाला आवडणार नाही?

त्यात तिला दोरा दाताने तोडायची खोड. कात्री हाताशी असायची, नवरा इस्त्रीवरून म्हणायचाही, "अगं, कात्री काय शोभेला ठेवलीय?" पण टीप संपली की तिचं डोकं खाली वाकायचं आणि माझे पुढचे दात खालच्या दातांवर आपटून कट् व्हायचं. दर वेळी माझा पुढचा काठ वर दाबला जायचा आणि मागची बाजू टाळूपासून सुटायची. एकदा दोनदा काही नाही. पण दिवसभर तेच, आणि वर्षानुवर्षं तेच, म्हटल्यावर पुढची हिरडी पिळल्यासारखी झाली. पूर्वी माझ्याखाली टणक उंचवटा होता, तो हळूहळू मऊ, डुगडुगता होत गेला. आत हाड झिजत होतं. दात गेले की हाड झिजतंच म्हणतात, पण हे मला फार उशिरा एका डॉक्टरच्या तोंडून कळलं. मला फक्त एवढंच जाणवायचं की मी आहे तशी आहे आणि माझी जागा माझ्याखालून सरकतेय.

मी सैल झाले. गिऱ्हाइकाशी बोलताना मधेच खाली यायला लागले. "शिलाई" म्हणताना शिट्टी वाजायची. एकदा शिंकेसरशी मी अर्धी बाहेर आले, तेव्हा बाईने अशा चपळाईने तोंडावर हात नेला की समोरच्याला वाटलं, किती रीतीची बाई.

आता डॉक्टरकडे जायला हवं होतं. पण डॉक्टरकडे गेलं की तो कवळी ठेवून घेणार, दोन दिवसांनी या म्हणणार, आणि ते दोन दिवस घरात कसे काढायचे? बाईने आपल्या धंद्यातला उपाय केला. सैल कोटाला ती आतून पट्टी लावून अंगासरशी बसवायची. तसंच तिने चिंध्यांच्या पिशवीतून मऊ फ्लॅनेलचा तुकडा काढला, माझ्या आकाराने कापला, दुहेरी घडी घालून माझ्या आत बसवला आणि मला तोंडात दाबलं. मी घट्ट बसले. आरशात बघून ती म्हणाली, "झालं." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

मला ते फ्लॅनेल मुळीच आवडलं नाही. मी कवळी आहे, उशी नाही. सकाळी बसवलेलं कापड दुपारपर्यंत थुंकीने थबथबायचं, त्यात अन्नाचे कण अडकायचे, त्याला वास यायचा. टाळू लाल झाली, चुरचुरायला लागली. आणि त्या घडीच्या जाडीमुळे माझा पुढचा काठ वर सरकून ओठाच्या आतल्या खोबणीत रुतला. तिथे आधी ओरखडा पडला, मग फोड आला, मग तो बरा होण्याआधीच पुन्हा घासला गेला. हिरडी तरी काय करणार? तिने माझ्या काठाभोवती जास्तीचं मांस वाढवलं. ओठ आणि हिरडीच्या मधे एक लोंबती घडी तयार झाली आणि माझा काठ तिच्या मधोमध जाऊन बसला.

बाईला ती घडी जिभेने लागली तेव्हा ती मशीनवर होती. पाय थांबले. जीभ पुन्हा तिथे गेली, पुन्हा मागे आली. मग तिने हातातली बाही पूर्ण केली, दोरा तोडला आणि कुणाला काही बोलली नाही.

तिची मावशी तोंडाच्या आजारानेच गेली होती. सुरुवात अशीच, गालाच्या आत एक गाठ. बाईच्या मनाने ताबडतोब तिथे उडी मारली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असं. त्या दिवसापासून ती सफरचंद चिरून खायला लागली, मग सफरचंदच बंद केलं, मग भात आणि उकडलेला बटाटा एवढ्यावर आली. नवऱ्याला सांगितलं, "पोट बिघडलंय." टाचण्या ओठांत धरवेनात, म्हणून गादी आणली. दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि मी तिथेच होते, अगदी त्या घडीच्या आत. मला माहीत होतं की हे माझ्या काठाचं काम आहे. मला काढून बाजूला ठेवलं की हे उतरेल असं मला वाटत होतं. पण सांगणार कशी? तिच्या तोंडातला प्रत्येक शब्द माझ्यावरून जात होता आणि त्यातला एकही मला अडवता येत नव्हता, बदलता येत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिलाही होता आणि मलाही.

नवऱ्याच्या लक्षात आलं ते कचऱ्याच्या बादलीमुळे. त्यात फ्लॅनेलचे छोटे तुकडे पडलेले असायचे, कधी गुलाबी डाग असलेले. त्याने एक तुकडा चिमटीत धरून विचारलं, "हे कसलं?"

"बोटात सुई गेली."

"रोज?"

"रोज जाते. तुम्ही आज बघितलंत."

त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता म्हणाला, "तुला काही होत असेल तर सांग बाई. मी काही परका नाही." बाई म्हणाली, "त्या पँटची घडी चुकली बघा." घडी चुकली नव्हती.

पण त्या बोलण्याने ती हलली. दोरे आणायला जाते असं सांगून ती एकटीच दवाखान्यात गेली. म्हातारे डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती, बाईची लेक शोभेल अशा वयाची. तिने मला बाहेर काढलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या परक्या हातात मी. माझ्याबरोबर फ्लॅनेलही बाहेर आलं आणि खोलीत वास पसरला.

"काकू, हे कुणी लावलं?"

"मीच. सैल झालं की आतून अस्तर लावतात."

"कपड्याला लावतात," डॉक्टर म्हणाली. पण ती हसली नाही, आणि त्याबद्दल बाईला बरं वाटलं असावं. डॉक्टरने आरसा घालून ओठ उचलून बघितला, बोटाने घडी दाबली, टाळूवर दिवा धरला. मग खुर्ची जवळ ओढून समजावलं. टाळूला बुरशी धरलीय, तिला औषध देते. हाड झिजल्यामुळे ही कवळी आता तुमच्या मापाची राहिली नाही. आणि हा मांसाचा पदर बहुतेक तिच्या काठाच्या घासण्याने आलाय.

"बहुतेक म्हणजे?" बाईने विचारलं. माझ्याशिवाय तिचं बोलणं हवेसारखं निसटत होतं.

"म्हणजे दोन आठवडे कवळी अजिबात घालायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घासणं थांबलं की हे बरंच उतरेल. उरेल तेवढं मी कापून काढीन. पण आधी विश्रांती. त्यावरच सगळं कळणार आहे."

बाईने मान हलवली. मला रुमालात गुंडाळलं. रस्त्याच्या वळणावर एका बंद दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि मला पुन्हा तोंडात घातलं.

ते दोन आठवडे तिने टाळूला औषध लावलं, फ्लॅनेल सोडलं, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरल्या. सगळं केलं, एक सोडून. मी तिच्या तोंडातच होते. अस्तराशिवाय मी सारखी हलायचे आणि त्याच जागी घासायचे. ती मला जिभेने वर धरून बोलायची. मला एरवी ज्याचा अभिमान होता त्याचीच आता धास्ती वाटायला लागली. मला काढ, एवढं साधं मागणं, आणि ते मागायला माझ्याकडे तिचंच तोंड होतं.

दुसऱ्या भेटीला बाईने मला दाराबाहेरच काढून रुमालातून आत नेलं. डॉक्टरने ओठ उचलला आणि तिचा चेहरा बदलला. टाळू निवळली होती. पदर मात्र तसाच, किंबहुना थोडा सुजलेला.

"काकू, कवळी पूर्ण बंद होती ना?"

"हो."

"अजिबात नाही घातली?"

"नाही."

डॉक्टरने आरसा खाली ठेवला. मग जपून, एकेक शब्द निवडत म्हणाली, "मग हे निम्मं तरी उतरायला हवं होतं. उतरलं नाही, म्हणजे फक्त घासण्याचं नसेल. याचा तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. मोठ्या दवाखान्यात जाल? मी बोलून ठेवते. घाबरू नका, पण वेळ काढू नका."

बाईचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. डॉक्टरच्या टेबलावर, चिमट्याशेजारी, मी पालथी पडले होते. खोलीत खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. मला बोलता येत नव्हतं आणि तिला लाज सोडवत नव्हती. आपल्याच थापेतून निघालेलं अनुमान ती निकाल म्हणून ऐकत होती, आणि गंमत बघा, भीतीने तिची मती इतकी गुंग झाली की ते अनुमान तिला खरंच वाटलं.

मला पुन्हा तोंडात घालून ती सरळ दुकानात आली. नवरा इस्त्रीवर होता.

"अहो, शटर ओढा."

"आत्ता? ते कोटवाले यायचेत."

"ओढा म्हणते ना."

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. बाई स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला मावशीचं झालंय."

त्याने आधी इस्त्रीची पिन काढली. मग विचारलं, "कोण म्हणालं?"

बाईने सगळं सांगितलं, तोंडातल्या घडीपासून. आवाज स्थिर होता, पण मी आत होते, मला तिची थरथर कळत होती. शेवटी म्हणाली, "दोन आठवडे कवळी काढून ठेवली तरी सूज उतरली नाही, म्हणून डॉक्टरला शंका आली."

नवऱ्याने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाला, "काढून ठेवली होतीस? कधी?"

बाई मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली.

"अगं, कधी? दिवसभर तू माझ्या समोर, रात्री माझ्या शेजारी. मला तर रोज तुझे दात दिसत होते."

"नव्हती काढली."

"मग उतरेल कशी सूज?"

"तुमच्यासमोर कशी काढू?"

"माझ्यासमोर काढली असतीस तर मी काय करणार होतो?"

"पाठ करून बसला असतात," बाई म्हणाली, आणि मग आईवडिलांची ती जेवणाची गोष्ट तिने त्याला पहिल्यांदा सांगितली. तो ऐकता ऐकता इस्त्रीच्या टेबलावर टेकला. त्याला राग आला होता, वाईट वाटलं होतं, दोन्ही तोंडावर दिसत होतं.

"तुझ्या वडिलांचं माझ्या माथी कशाला मारतेस?" तो म्हणाला. "मी कधी फिरवलीय पाठ? काढ ती."

बाईने मला काढलं. तिच्या तळहातावरून मी पहिल्यांदा तिचा चेहरा त्याच्यासमोर बघितला. वरचा ओठ आत गेला होता, नाक खाली आलं होतं, गालांच्या पिशव्या झाल्या होत्या. तिने ओठ उचलून ती जागा दाखवली. तो वाकून बघत राहिला, हलला नाही.

"दुखतं?"

"तेवढं नाही," ती म्हणाली. तेव्हासुद्धा खोटंच बोलली.

त्याला काहीतरी चांगलं बोलायचं असावं, पण त्या माणसाला ते जमत नाही. म्हणाला, "आता अगदी थोरल्या ताईसारखी दिसतेस."

"तिला दात आहेत सगळे."

"तेच म्हणतोय. असून ती तशी दिसते."

बाईला हसू फुटलं. आणि मग रडूही फुटलं. मी तिच्या मुठीत होते. तिचं हसू मी आयुष्यभर आतून बघितलं होतं, बाहेरून ते कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं.

दोघं परत दवाखान्यात गेली. बाईने मान खाली घालून खरं सांगितलं. डॉक्टर आधी चिडली. "काकू, तुमच्यापायी मला जेवण गेलं नाही दुपारी." मग जरा शांत होऊन म्हणाली, "ठीक आहे. आता खरे दोन आठवडे. पण एक लक्षात ठेवा, काठामुळेच आहे असं मी आजही छातीठोक सांगणार नाही. उरेल तो भाग मी काढून तपासायला पाठवणारच." नवऱ्याने विचारलं, "कवळी आमच्याकडेच ठेवायची ना?" डॉक्टर म्हणाली, "काकांच्या ताब्यात."

घरी मला पाण्याच्या वाडग्यात ठेवलं, ओट्यावरच्या फळीवर. दुकानात बाई तोंडाला स्वतः शिवलेलं फडकं बांधून जायची. कुणी विचारलं तर नवरा सांगायचा, कापसाच्या धुळीने शिंका येतात. घरी ती तशीच वावरायची. पहिले दोन दिवस ती त्याच्याकडे पाठ करून जेवली. तिसऱ्या दिवशी तो आपलं ताट उचलून पलीकडे जाऊन बसला, तिच्या समोर. ती वळली तर तोही वळेल, हे तिला कळलं, मग ती वळायची थांबली.

ते दिवस मला फार जड गेले. तिच्या तोंडात होते तेव्हा सूज किती, आग किती, मला सारं कळायचं. आता काहीच कळेना. आजवर मी खात्रीने म्हणत आले होते की हे माझ्याच काठाचं काम. पण मी कोण एवढी शहाणी लागून गेले? मी नसतानाही ती घडी तशीच राहिली तर? आपण दोषी ठरावं म्हणून कुणी देवाला विनवलं नसेल, मी विनवत होते. माझंच काम असू दे, दुसऱ्या कशाचं नको.

सूज उतरली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. उरलेला पदर डॉक्टरने जागा बधिर करून कापून काढला आणि तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत नवऱ्याने दोन शर्ट जाळले. उत्तर चांगलं आलं. घासून वाढलेलं मांस, बाकी काही नाही. बाईने ते ऐकलं आणि आधी खुर्चीच्या हाताला धरलं.

त्यानंतर डॉक्टरने माझा पुढचा काठ कापून गोल केला, आत मऊ मसाल्याचं पातळ अस्तर लावलं आणि जखम भरत आली तशी दिवसा थोडा वेळ मला घालायची परवानगी दिली. जेवताना आणि झोपताना नाही, आणि दोरा तोडायचा नाही. "हे अस्तर थोड्याच दिवसांचं, नंतर कडक होतं. तोवर नवी कवळी करू." ते माझे अखेरचे चांगले दिवस. मी तिच्या तोंडात होते आणि तिला माझा त्रास होत नव्हता. रात्री ती मला नवऱ्याच्या देखत काढायची आणि तो वाडग्यात पाणी भरून द्यायचा.

मग नवी आली. माझ्यापेक्षा उजळ दातांची आहे. ती देताना डॉक्टरने दोन गोष्टी बजावल्या. नवी कवळी सुरुवातीला कुठेतरी टोचते, टोचली की त्याच दिवशी यायचं, मी तेवढी जागा घासून देईन. आणि जुनी टाकून द्यायची. बाई "हो" म्हणाली आणि मला दुकानातल्या सुट्या बटणांच्या डब्यात ठेवलं. शिवणाऱ्या माणसाला काही टाकवत नाही.

आज सकाळी मागच्या दाराने दुकानात येऊन बाईने डबा उघडला. बाईच्या तोंडात काही नव्हतं, नवी कवळी बेसिनच्या कडेला होती. तिच्या डाव्या गालाच्या सुजेवरून मी ओळखलं की आत ओरखडा आहे आणि तो आजचा नाही. म्हणजे पुन्हा तेच, सोसणं. नवरा बाहेर शटरच्या कुलपाशी खटपट करत होता. बाईने मला उचललं, धुतलं. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. आणि लगेच भीती वाटली. बाई, नको. मी तुझ्या ओळखीची आहे म्हणून तुझ्या भल्याची आहे असं नाही. माझ्यासाठी तू पुन्हा दुखून घेऊ नकोस.

तिने मला घातलं. मी माझी जागा शोधली. अस्तर वाळून टणक पापुद्रा झाला होता आणि त्याखाली हिरडी होती ती नवीच, बसकी, गुळगुळीत, निरोगी. मी टेकले आणि घसरले. तिने अंगठ्याने दाबलं, मी पुन्हा घसरून तिच्या हातात आले. तिची हिरडी मला विसरली होती. विसरावी म्हणूनच तर एवढं सगळं केलं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

बाईची नजर फळीवरच्या चिंध्यांच्या पिशवीकडे गेली. हातही गेला. पिशवीचं तोंड तिने सोडलं, आतला एक मऊ तुकडा बोटांनी चाचपला आणि तशीच उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिने तो तुकडा सोडला, मला बेसिनवर ठेवलं आणि दाराकडे तोंड करून, त्या मोकळ्या बोळक्याने, हाक मारली, "अहो, शटर राहू दे. नवी टोचतेय डावीकडे. दुखतंय मला."

दोघं गेली. मी इथे पडून आहे, आणि परत आल्यावर तिने मला कचऱ्यात टाकलं तरी माझी तक्रार नाही. इतकी वर्षं तिचं सगळं बोलणं माझ्यावरून गेलं, पण "दुखतंय मला" हे तिच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं, आणि ते बोलायला तिला दात लागले नाहीत.